तेलगळती आणि ओबामा: पास की नापास? (आणि आपल्याकडे मार्क द्यायचे कुणाला?)

खाडीकाठचा (ऐरोली)

मुलीच्या कॉलेजात वादविवाद स्पर्धा आहे, विषय आलाय "मेक्सिकोच्या आखातातली तेलगळती ओबामांनी नीट हाताळली का". हिला ओबामा म्हणजे भाषण भारी करणारा माणूस एवढंच ठाऊक. मी त्या काळात बातम्या रोज बघायचो त्यामुळे घरात सध्या माझाच क्लास चालू आहे. माझं मत टाकतो, तुम्ही फोडा, म्हणजे तिला दोन्ही बाजूचे मुद्दे मिळतील.

थोडक्यात काय झालं होतं: २० एप्रिल २०१० च्या रात्री लुइझियानाच्या समोर समुद्रात डीपवॉटर होरायझन नावाच्या, तेलविहीर खोदायच्या रिगवर स्फोट झाला, ११ कामगार गेले, दोन दिवसांनी रिगच बुडाली आणि सुमारे १५०० मीटर खोल तळाशी विहिरीचं तोंड उघडं पडलं. विहीर बीपी या तेल कंपनीची, रिग ट्रान्सओशनची, सिमेंटचं काम हॅलिबर्टनचं, म्हणजे बोटं दाखवायला तिघं तयारच. झाकण बसलं १५ जुलैला. ८७ दिवस तेल वाहत होतं, सरकारी अंदाज ४९ लाख बॅरल.

आता बहुतेक लोक ओबामांना कशावरून मार्क देतात तर "लवकर गेले नाहीत" आणि "चिडले नाहीत". गेले ते २ मे ला, मग परतपरत गेले. चिडत नाहीत म्हणून मीडियाने इतकं धरलं की शेवटी जूनमध्ये टीव्हीवर म्हणाले, कुणाच्या पार्श्वभागावर लाथ घालायची तेच तज्ज्ञांना विचारतोय. झालं, दोन दिवस त्यावरच चर्चा. माझ्या मते हे सगळं फिजूल आहे. चिडून विहीर बुजत नाही.

मी तीन गोष्टी बघतो. गळतीच्या आधी माणूस काय बोलत होता, गळती झाल्यावर पहिला आकडा काय सांगितला आणि पैसे कुणाकडून किती लवकर काढले. आधीचं बघा, ३१ मार्चला यांनीच नवीन किनारे ड्रिलिंगला उघडायची घोषणा केली आणि २ एप्रिलला म्हणाले की हल्लीच्या रिग सहसा गळत नाहीत. अठरा दिवसांनी स्फोट. आकड्याचं तर विचारूच नका, आधी दिवसाला १००० बॅरल, मग ५०००, आणि तो ५००० जवळजवळ महिनाभर तसाच चिकटून राहिला. शेवटी निघाले सुरुवातीला दिवसाला ६२,०००! पैशात मात्र बाबाने कमाल केली. १९९० च्या कायद्यात नुकसानभरपाईची मर्यादा फक्त साडेसात कोटी डॉलर होती, तरी १६ जूनला बीपीच्या लोकांना व्हाइट हाउसमध्ये बसवून २० अब्ज डॉलरचा फंड कबूल करून घेतला.

म्हणजे दोन विषयांत नापास आणि एकात फर्स्ट क्लास. असा निकाल कसा लावायचा?

बेलापूरची_सई

रुमाल टाकतेय. रात्री सविस्तर लिहिते.

ठाणेकर_जुना

खाडीकाठचे, एटीकेटी द्या आणि सोडा की राव 😄 इथे कोपरी पुलावर रोज अर्धा तास जातो त्याला कोण जबाबदार ते आधी काढा, मग अमेरिकेला जाऊ.

डेकवरचा_पाटील (खारघर)

मी ऑफशोअरला होतो, आता रिटायर. दोन शब्द बोलतो.

राष्ट्राध्यक्षाने विहीर का नाही बंद केली हा प्रश्नच चुकीचा आहे. दीड किलोमीटर पाण्याखाली माणूस जात नाही, तिथे आरओव्ही लागतात म्हणजे वरून चालवायची यंत्रं, आणि ती ऑइल कंपन्यांकडेच असतात. नौदल कितीही मोठं असू दे, बीओपीवर काम करायची हत्यारं त्यांच्याकडे नसतात. बीओपी म्हणजे विहिरीच्या डोक्यावर बसवलेला काही मजली उंच व्हॉल्व्हचा ढीग, खालून गॅसचा रेटा आला की पाइप कापून तोंड बंद करायचं त्याचं काम. तिथे तो बंद झालाच नाही. आणि त्याच्याही आधी त्या दिवशी निगेटिव्ह प्रेशर टेस्ट केली होती, म्हणजे आतला भार कमी करून बघायचं की खालून काही वर येतंय का, त्याचं रीडिंग गडबड दाखवत होतं आणि लोकांनी समजूत काढून घेतली की ठीक आहे. डेकवर काम केलेल्या माणसाला हे वाचून पोटात गोळा येतो. विहिरीचं काम लांबलेलं, रिगचं भाडं रोज चढतंय, सगळ्यांना लवकर गुंडाळून पुढच्या लोकेशनला जायचंय, अशा वेळी "थांबा, टेस्ट पुन्हा करू" म्हणणारा माणूस कुणालाच नको असतो.

तेव्हा एप्रिल ते जुलैचे मार्क मी ओबामांना देणार नाही आणि कापणारही नाही. मी बघेन तपासनीस कोण होता ते. तिकडे एमएमएस नावाचं खातं होतं, तेच कंपन्यांकडून रॉयल्टी गोळा करायचं आणि तेच सेफ्टी तपासायचं. ज्याच्याकडून पैसे घ्यायचे त्याचंच काम थांबवायचं, कसं जमणार. ओबामा येऊन सव्वा वर्ष झालं होतं, खातं तसंच. गळतीनंतर तुकडे केले, वसुली वेगळी, परवाने वेगळे, सेफ्टी वेगळी. हे त्यांनी केलेलं खरं काम आणि हे कुणाच्या लक्षातही नाही.

आपल्याकडे बघा, ऑफशोअर सेफ्टीचं काम ओआयएसडीकडे (तेल उद्योग सुरक्षा संचालनालय), ते पेट्रोलियम मंत्रालयाखाली. आणि ओएनजीसी पण त्याच मंत्रालयाखाली. पुढचं तुम्ही समजून घ्या.

सीवूड्सचा_मंदार

पाटीलसाहेब माहितीबद्दल धन्यवाद, पण ओबामांना इतकं सहज सोडू नका. त्यांनी खोल पाण्यातलं ड्रिलिंग सरसकट सहा महिने बंद केलं, लुइझियानात त्यावर हजारो घरं चालतात. आधीच मासेमारी बंद आणि वर तेलाची नोकरी पण बंद. कोर्टाने २२ जूनला ती बंदी उडवली, तर यांनी जुलैत नवीन शब्दांत पुन्हा आणली, ती उठली १२ ऑक्टोबरला. एका रिगवर घोळ झाला म्हणून सगळ्या रिगना शिक्षा, हे नेतृत्व आहे का?

डेकवरचा_पाटील (खारघर)

मंदार, एक बीओपी फेल का गेला हे कळेपर्यंत बाकीच्या चालू ठेवायच्या म्हणता? तसाच माल बाकीच्या रिगवर पण बसलेला असतो. पोटावर पाय आला हे मान्य, माझ्याही आला असता. पण बंदी मी बरोबरच म्हणेन.

सीवूड्सचा_मंदार

सहमत नाही पण मुद्दा समजला.

कविता_जोगळेकर_नव्हे (ठाणे पश्चिम)

"लवकर गेले नाहीत हे फिजूल" याला माझा जोरदार विरोध. खाडीकाठचे तुम्ही कधी सरकारी नोकरी केलेली दिसत नाही. मी केलीये, तीस वर्षांच्या आसपास. मंत्री येणार असा निरोप आला की एका रात्रीत खड्डे बुजतात, जे यंत्र महिनाभर "स्टोअरमधून निघायचंय" ते सकाळी गेटवर उभं असतं, आणि मुख्य म्हणजे तीन खाती एका टेबलाशी बसून एकच आकडा लिहून आणतात कारण साहेबांसमोर तीन आकडे सांगायची कुणाची टाप नसते. दौऱ्याचा उपयोग फोटोसाठी नाही, दौऱ्याच्या आदल्या रात्रीसाठी असतो. त्यामुळे बारा दिवसांनी गेले हा गुन्हा आहे माझ्या मते.

खाडीकाठचा (ऐरोली)

कविताताई, हा मुद्दा मुलीने लगेच वहीत लिहून घेतला 🙏 पण दौऱ्याचं दुसरं टोक पण बघा. ऑगस्टमध्ये फ्लोरिडाला गेले, समुद्र सुरक्षित आहे हे दाखवायला धाकट्या मुलीबरोबर पोहले, व्हाइट हाउसने फोटो दिला. मग लोकांनी नकाशा काढून दाखवलं की ती जागा आखाताची उघडी बाजू नव्हतीच, आतल्या खाडीत पोहले होते. त्याच महिन्यात त्यांच्या सल्लागार बाईंनी टीव्हीवर सांगितलं की तीनचतुर्थांश तेल गेलं. गेलं म्हणजे काय, त्यातलं बरंचसं पाण्यात मिसळलेलं, विरघळलेलं, गोळा केलेलं नव्हे. नंतर ओबामांनीच नेमलेल्या आयोगाने या आकड्यांच्या प्रकारावर चांगलेच ताशेरे ओढले. स्वतः नेमलेल्या आयोगाने आपल्यालाच झोडपू देणं, याचे मात्र मी जास्तीचे दोन मार्क देतो. आपल्याकडे आयोगाचा अहवाल आधी कपाटात जातो, मग कपाट बदलीवर जातं.

ठाणेकर_जुना

कपाट बदलीवर 😂😂 हे मी चोरतोय.

बेलापूरची_सई

आले. सगळं वाचलं.

मला एक गंमत वाटते ती ही की त्या वेळी लुइझियानाचा गव्हर्नर बॉबी जिंदल, आपल्या पंजाबी मुळाचा, तो रोज बोटीत बसून कॅमेऱ्यासमोर असायचा, आणि त्याने हट्ट धरला की समुद्रात वाळूचे बांध घालायचे म्हणजे तेल किनाऱ्याला लागणार नाही. शास्त्रज्ञ नको म्हणत होते. बांध झाले, २२ कोटी डॉलरच्या घरात खर्च आणि आयोगाच्या हिशेबाने तेल अडलं जेमतेम हजार बॅरल. पण लोकांना तोच धडाडीचा वाटला, कारण जेसीबी दिसत होते. आणि जो माणूस ऑफिसात बसून वसुलीची बोलणी करत होता तो थंड वाटला. ही लोकांची परीक्षा करायची पद्धत आहे, फक्त अमेरिकेची नाही. आपल्याकडे पण नाल्यात उतरून गाळ काढतानाचा फोटो आला की नगरसेवक पास.

आता माझा खरा मुद्दा. आखातातलं झाकण १५ जुलैला बसलं. त्यानंतर २३ दिवसांनी, ७ ऑगस्ट २०१० ला, आपल्या दारात एमएससी चित्रा आणि खलिजिया-३ या दोन बोटींची टक्कर झाली. चित्रा तिरकी झाली, कंटेनर धडाधड पाण्यात, त्यात कीटकनाशकांचेही होते, आणि साधारण ८०० टन तेल बाहेर. जेएनपीटी आणि मुंबई पोर्ट दोन्ही बंद पडली. तेव्हा मी नेरुळला नवीनच राहायला आले होते, मासे घेऊ नका असे एसएमएस फिरत होते. त्या वेळी आपण कुणाला मार्क दिले? एक नाव तरी आठवतंय का कुणाला?

नाखवा_दिवाळे

सईताई, आठवतंय. नाव नाय, तेल आठवतंय.

पावसाळ्यातली मासेमारीची बंदी संपायला आली व्हती. तेव्हा बंदी १० जून ते १५ ऑगस्ट असायची, म्हणजे होड्या रंगवून, जाळी विणून आमी तयार, आणि आठ दिवस आधी हा प्रकार. तुम्ही टीव्हीवर तिरकी बोट बघितली, आमी खाडीत काय बघितलं ते सांगतो. भरती आली की वास आधी यायचा, मंग पाणी. ओहोटीला चिपीच्या झाडांची ती वर आलेली मुळं असतात ना चिखलातून, पेन्सिलीसारखी, ज्यातून झाड श्वास घेतं, ती सगळी काळी चोपडलेली. बोटाने पुसलं तरी निघत नव्हतं, ग्रीससारखं. निवट्या मासा त्या मुळांवर चढून बसतो, तो पण काळा. चिंबोरी पकडली तर पाठीवर थर. जाळी रॉकेलने धुतली तर जाळीचा दोर कडक झाला आणि वास तसाच राहिला.

आणि मावरं मिळालं तरी घेणार कोण? सेक्टरमधल्या ज्या बाया दर रविवारी बोंबील कोळंबी न्यायच्या त्या लांबूनच विचारायच्या, खाडीचं की बाहेरचं? माझ्या आईने शप्पथ घेऊन सांगितलं तरी नाय. गणपती गेले, नवरात्र गेलं, गिऱ्हाईक परत यायला लय दिवस लागले.

पंचनामा झाला. फोटो काढले, रेशनकार्डाची झेरॉक्स घेतली, होडीचा नंबर घेतला. एका हापिसातून सांगितलं दुसरीकडे जा, दुसऱ्या हापिसात म्हणाले हे आमच्याकडे येत नाय, बोट परदेशी आहे. आमच्या घरात तरी एक रुपया आला नाय. म्हणून त्या ओबामाने दोन महिन्यांत २० अब्ज काढले म्हणता ना, माझ्याकडून शंभरपैकी शंभर. आधी काय बोलला, किती वेळा गेला, ते तुमचं तुमी बघा.

कविता_जोगळेकर_नव्हे (ठाणे पश्चिम)

नाखवा 🙏

सीवूड्सचा_मंदार

नाखवा, तुमच्या बाबतीत झालं ते वाईटच. पण तो फंड पण काही लगेच हातात पडला नाही तिकडच्या कोळ्यांच्या. वाटप एका वकिलाकडे दिलं होतं, केनेथ फाइनबर्ग, ९/११ च्या वेळचा फंड बघणारा तोच. दावे नाकारले, कागद अपुरे, रोखीत धंदा करणाऱ्याकडे पावत्या कुठून असणार, या तक्रारी तिकडे पण खूप होत्या. आपल्या रेशनकार्डाच्या झेरॉक्ससारखंच.

नाखवा_दिवाळे

मंदारभाऊ, कागद अपुरे म्हणायला आधी खिडकी तर पाहिजे. त्यांना खिडकी व्हती.

खाडीकाठचा (ऐरोली)

+१००. आणि सईताईंच्या प्रश्नाचं उत्तर शोधायला मी कालपासून बसलोय. तेव्हा मुख्यमंत्री अशोक चव्हाण. बंदरं आणि जहाजं केंद्राकडे, मंत्री जी. के. वासन. पर्यावरण जयराम रमेश. समुद्रात तेल पसरलं की काम कोस्ट गार्डचं, ते संरक्षण मंत्रालयाखाली, म्हणजे ए. के. अँटनी. राष्ट्रीय आराखडा १९९६ पासून आहे, त्यात समुद्रातलं तेल कोस्ट गार्डने बघायचं आणि किनाऱ्याला लागलेलं राज्याने आणि बंदरांनी. म्हणजे तेलाचा तवंग भरतीबरोबर आत आला की खातं बदललं! आता यात नापास कुणाला करायचं सांगा. ओबामांच्या डोक्यावर खापर फोडता आलं कारण डोकं एकच होतं. तिकडे पण कोस्ट गार्ड, गव्हर्नर, कंपनी असा गोंधळ होताच, पण त्यांनी थॅड अॅलन म्हणून एक अॅडमिरल नेमला आणि रोजचे प्रश्न त्याला विचारा म्हणून सांगितलं.

डेकवरचा_पाटील (खारघर)

आपल्याकडे जबाबदारी कशी पातळ होते त्याचं अजून एक. २७ जुलै २००५. तारीख कुणालाच आठवणार नाही कारण आदल्या दिवशी २६ जुलैचा पाऊस. त्या दिवशी मुंबई हायच्या नॉर्थ प्लॅटफॉर्मला आग लागली. एका सपोर्ट बोटीवरच्या स्वयंपाक्याचं बोट कापलं, त्याला प्लॅटफॉर्मवर चढवायला बोट जवळ आणली, लाटेत ती गॅसच्या रायझरवर, म्हणजे तळातून वर येणाऱ्या पाइपवर आदळली. साधारण दोन तासांत अख्खा प्लॅटफॉर्म गेला, २२ माणसं गेली. लुइझियानाच्या दुप्पट. कोणत्या मंत्र्याने ते कसं हाताळलं यावर वादविवाद स्पर्धा झालेली मी तरी ऐकली नाही.

ठाणेकर_जुना

पाटील, मी त्या दिवशी कळव्याला गुडघाभर पाण्यात होतो, ही बातमी वाचल्याचं पण आठवत नाही. गंभीर आहे हे. माझी कोपरी पुलाची कमेंट मागे घेत नाही पण हे जास्त गंभीर आहे.

मचवा_७ (उरण)

उशिरा आलो, दोन उदाहरणं टाकून जातो. खाडीकाठचेंचा "पहिला आकडा" वाला निकष मला पटला.

चेन्नईजवळ एन्नोरला २८ जानेवारी २०१७ ला दोन जहाजं धडकली. बंदराचं पहिलं म्हणणं असं की पर्यावरणाला काही नुकसान नाही. मग किनाऱ्यावर डांबरासारखा गाळ आला आणि मच्छीमार, कॉलेजची पोरं बादल्यांनी तो उपसत होती, ते फोटो सगळ्यांनी बघितले असतील. टनावारी गाळ निघाला. पहिलं वाक्य खोटं पडलं की नंतर तुम्ही कितीही खरं बोला, कोण ऐकतो.

दुसरं केरळ, मे २०२५, एमएससी एल्सा ३ कोचीसमोर बुडाली, ६४० कंटेनर. तिथे सरकारने काही दिवसांतच राज्य आपत्ती जाहीर केली आणि मच्छीमार घरांना १००० रुपये आणि ६ किलो तांदूळ. रक्कम चेष्टेची आहे, पण खिडकी उघडली, नाखवांच्या भाषेत. आणि हायकोर्टात ९,५३१ कोटींचा दावा लावून त्याच कंपनीचं दुसरं जहाज अडकवून ठेवलं. २०१७ च्या अॅडमिरल्टी (जहाजांवरच्या दाव्यांच्या) कायद्याने हे करता येतं. नंतर कोर्टाने तारणाची रक्कम १,२२७ कोटींपर्यंत खाली आणली, तरी जहाज पकडल्याशिवाय परदेशी मालक दारात येत नाही हे खरं. २०१० ला हा कायदा नव्हता, जुने ब्रिटिश काळातले होते, पण जहाज अडवता तेव्हाही येत होतं.

आणि मुंबईसमोर ऑगस्ट २०११ ला बुडालेली एमव्ही राक, पोटात ६०,००० टन कोळसा. एनजीटीचा (राष्ट्रीय हरित लवाद) १०० कोटींच्या भरपाईचा आदेश आला ऑगस्ट २०१६ ला. पाच वर्षं. तोपर्यंत त्या वेळचे सगळे मंत्री बदलले होते.

सीवूड्सचा_मंदार

म्हणजे निष्कर्ष, ओबामा पास?

बेलापूरची_सई

मंदार निष्कर्षाची घाई नको 😄 मी अजूनही आकड्यावरून नापासच म्हणते. कारण आकडा कमी सांगितला की तयारी पण कमी होते, ५००० बॅरलसाठी जेवढे बूम (तेल अडवायचे तरंगते पट्टे) आणि बोटी लावाल तेवढ्या ६२,००० ला पुरणार का? बीपीला आकडा कमीच हवा होता, दंड बॅरलवर लागतो. पण सरकारने स्वतःचे शास्त्रज्ञ मोजायला बसवले ते मे उलटत आल्यावर. समुद्रतळाचा कॅमेरा कंपनीकडे होता, तो लोकांना थेट दिसायला पण मे ची वीस तारीख उजाडली. पहिल्या आठवड्यात "कॅमेरा आम्हाला द्या" एवढं म्हणायला राष्ट्राध्यक्ष लागतो, इंजिनिअर नाही. पाटीलकाका यावर मार्क कापाल ना?

डेकवरचा_पाटील (खारघर)

कापतो. हे बरोबर बोललीस.

खाडीकाठचा (ऐरोली)

मुलीला विरोधी बाजू मिळाली असं आत्ता कळलं, म्हणजे ओबामा नापास. सईताई, तुमचा कॅमेऱ्याचा मुद्दा ती पहिला घेणार आहे.

अवांतर: यावरून माझ्या डोक्यात आलंय की ठाणे खाडीत, म्हणजे आता रामसर साइट (जागतिक महत्त्वाची पाणथळ जागा) आहे २०२२ पासून, फ्लेमिंगो बघायला आपण सगळे जातो, तिथे उद्या तेल आलं तर पहिला फोन कुणी घ्यायचा आणि बूम कुठे ठेवलेत हे माहितीच्या अधिकारात विचारावं. पण अर्ज कुणाच्या नावाने करू?

मचवा_७ (उरण)

मेरिटाइम बोर्ड.

कविता_जोगळेकर_नव्हे (ठाणे पश्चिम)

प्रदूषण मंडळ. नाहीतर कांदळवन कक्ष.

ठाणेकर_जुना

जिल्हाधिकारी. पण ठाणे, मुंबई उपनगर की रायगड? खाडीला तिन्ही लागतात.

बेलापूरची_सई

कुठेही कर, चुकीच्या खात्यात गेला तर कलम ६(३) खाली पाच दिवसांत त्यांनीच बरोबर खात्याकडे पाठवायचा असतो. मी तर म्हणते मुद्दाम तिन्ही कलेक्टरांना एकच अर्ज टाक आणि कोण कुणाकडे ढकलतंय ते इथे लिही. एकच विषय ठेव, दीडशे शब्दांच्या आत, आणि दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प विसरू नकोस, त्यावरून परत पाठवतात.